गुंठाभर सोबत

या सदरातून आठवड्याच्या आठवड्याला मी आपल्याशी ज्या गप्पा मारतो, त्यांना पाऊण पानाची वेस असते. दिवाळी अंकापुरती संपादकांनी ती वेस मोडून दिली आहे आणि ‘यंदा जरा ऐसपैस लिहा’ असे कळवले आहे. त्यांचा निरोप आला त्या सकाळी मी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा होतो. खाली, इमारतीच्या मागच्या बाजूस, कारल्याच्या मांडवाशेजारी एक वृद्ध गृहस्थ सातवीतल्या एका मुलीला चांगलेच फैलावर घेत होते. तिने आदल्या दिवशी भर दुपारी मिरचीच्या रोपांवर पाणी ओतले होते, असा काहीसा गुन्हा होता. मुलगी खाली मान घालून हसत होती आणि गृहस्थांचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत स्वच्छ ऐकू येत होता.

ते गृहस्थ म्हणजे माझे वडील. दीड वर्षापूर्वी घरात दिवसाकाठी दहा वाक्ये न बोलणारा हा माणूस सकाळी सात वाजता दुसऱ्याच्या मुलीवर मनसोक्त ओरडत होता. आणि ते ऐकताना मला जे सुख होत होते, ते मला आजवर एखाद्या गवयाच्या भूपानेही दिलेले नाही. तेव्हाच ठरवले की, यंदा लिहायचे ते या बागेविषयीच.

बाग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ, कारंजे आणि ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी येते. आमची बाग तशी नव्हे. ती आहे सोसायटीच्या मागची एक गुंठा जागा. म्हणजे हिशेबाने १०८९ चौरस फूट. इमारत बांधणाऱ्याने जाताना उरलेला राडारोडा तिथे टाकला, आणि मग एकाने टाकले म्हणून दुसऱ्याने टाकले, अशा न्यायाने मोडके कमोड, फुटक्या फरश्या आणि गाद्यांतला कापूस यांचे तिथे एक छोटेसे संग्रहालयच झाले होते. गेल्या दिवाळीनंतर तळमजल्यावरच्या एका काकूंनी या जागेवर सर्वांनी मिळून भाजीपाला लावावा अशी टूम काढली आणि जिन्यात एक कागद चिकटवला : ‘दर रविवारी सकाळी ७ ते ९. इच्छुकांनी नावे लिहावीत.’

मी इच्छुक नव्हतो. पण सोमवारी सकाळी कॉलेजला निघालो तर त्या कागदावर चौथे नाव माझे. आणि अक्षर आमच्या सौभाग्यवतींचे.

‘‘अगं, माझं नाव कुणी लिहिलं?’’

‘‘मी. रविवारी सकाळी तुम्ही नऊपर्यंत लोळता आणि उठल्यावर डोकं दुखतं म्हणता. एकदा जाऊन तर पाहा.’’

‘‘मला बागेतलं काय कळतं?’’

‘‘कळत नाही म्हणूनच जा. कळतं ते तुम्ही आठवडाभर शिकवताच.’’

या वाक्यातली खोच मला जिना उतरल्यावर कळली. खरे म्हणजे माझ्यासारखा माणूस शहरात हजारांनी सापडेल. वीस वर्षे मी मराठी शिकवतो आहे. संत सावता माळी हा माझ्या अभ्यासक्रमातला नेहमीचा पाहुणा. अरणगावच्या मळ्यात भाजी लावता लावता ज्यांना पांडुरंग भेटला, त्या सावतोबांवर मी एकदा पन्नास मिनिटे असा काही बोललो होतो की, शेवटच्या बाकावरच्या मुलांनीही मोबाइल खाली ठेवले होते. पण मुळ्याचे कोवळे रोप आणि मोहरीचे कोवळे रोप शेजारी ठेवून ओळखा म्हटले असते, तर मी काय सांगितले असते ते सावतोबांनी ऐकू नये हेच बरे!

पहिले दोन रविवार नुसता राडारोडा उपसण्यात गेले. आम्ही अकरा जण रांगेत उभे राहिलो आणि घमेली हातोहात पुढे सरकू लागली. आता योगायोग म्हणा किंवा काकूंचा कावा म्हणा, रांगेत माझ्या उजव्या हाताला आले ते आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी. त्यांच्या न्हाणीघरातले पाणी आमच्या छतातून पाझरत असे. त्यावरून चार वर्षांपूर्वी जे बोलणे झाले त्यानंतर बोलणे असे झालेच नव्हते. जिन्यात समोरासमोर आलो की, आम्ही दोघेही एकाच वेळी विजेच्या मीटरांकडे पाहत असू. पण वीस किलोचे घमेले हातात असताना मीटरकडे पाहता येत नाही. त्यांनी म्हटले, ‘‘धरा.’’ मी म्हटले, ‘‘धरलं.’’ चार वर्षांत आमच्यात झालेले हे पहिले संभाषण. सात टेम्पो भरून राडारोडा गेला तोवर आम्ही ‘‘जरा जपून, यात काच आहे’’ इथपर्यंत आलो होतो. छत अजून पाझरते. पण आता त्याविषयी आम्ही एकत्र बसून प्लंबरला नावे ठेवतो.

एरवी आपण शेजाऱ्यांना भेटतो ते कशासाठी? वर्गणीसाठी, तक्रारीसाठी, नाहीतर कुणी गेले तर खाली उभे राहण्यासाठी. विनाकारण भेटायचे म्हटले तर दार कसे वाजवावे, असा संकोच वाटतो. बागेची मोठी सोय ही की, तिथे हातांना काम असते; त्यामुळे तोंडाला सक्ती नसते. बोलावेसे वाटले तर बोलावे, नाहीतर गवत उपटावे. मुखदुर्बळ माणसांसाठी यासारखी बैठक दुसरी नाही.

ही कल्पना मी समजत होतो तितकी नवी नाही, हे पुढे वाचनात आले. जर्मनीतल्या लाइपझिग शहरात १८६५ मध्ये एका मंडळाने मुलांसाठी खेळाचे मैदान केले आणि पुढे त्याच्या कडेने मुलांनाच वाफे आखून दिले. मुलांना त्याचा लवकरच कंटाळा आला. वाफ्यांत तण माजले. आणि मुलांना आणायला येणाऱ्या आईबापांनी हळूहळू खुरपी आपल्या हातात घेतली. त्यातूनच त्या देशात शहरी माणसांच्या लहान लहान बागांची मोठी परंपरा उभी राहिली. मुलांनी सुरू करावे आणि आईबापांनी निस्तरावे, हा प्रकार केवळ आपल्याकडचाच नाही, हे वाचून मला फार बरे वाटले.

दुसऱ्या महायुद्धात तर अशा बागा म्हणजे घरच्यांची आघाडीच होती. अमेरिकेत १९४३ च्या सुमारास सुमारे २ कोटी ‘विजयबागा’ होत्या आणि देशातल्या ताज्या भाजीपाल्याचा ४० टक्क्यांच्या आसपास वाटा त्यांतून येत असे, असा तेव्हाचा अंदाज आहे. युद्ध संपले, तशा त्या बागाही बहुतेक ओसरल्या. पण भुकेची निकड नसतानाही माणसांना बाग हवीशी वाटते, हे पुढे न्यूयॉर्कमध्ये दिसले. तिथे १९७३ मध्ये लिझ ख्रिस्ती नावाच्या एका चित्रकार बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची, आमच्या जागेसारखीच कचऱ्याने भरलेली एक ओसाड जागा साफ करून तिथे वाफे केले. पुढच्याच वर्षी शहराने ती जागा महिना १ डॉलर भाड्याने त्यांना दिली. ती बाग आजही आहे आणि तिला त्या बाईंचेच नाव आहे.

आपल्याकडेही उदाहरणांचा तोटा नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि थोड्या जागेत, थोड्या पाण्यात, पालापाचोळ्यापासून सुपीक माती करून विपुल पिकवता येते, हे शेतकऱ्यांना आणि शहरवासीयांना दाखवून दिले. त्याच धड्याच्या आधाराने मुंबईत २००२ च्या सुमारास तेव्हाच्या पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडे वाढवली. पुढे त्यांच्याबरोबर रविवारी काम करायला मुंबईची नोकरदार माणसे, पदरचे तिकीट काढून, आनंदाने जाऊ लागली. मजुरी नाही, उलट अंगदुखी. तरीही माणसे का जातात, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा शास्त्रज्ञांनीही पिच्छा पुरवला आहे. हॉलंडमध्ये एक प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तीस जणांना आधी डोके शिणवणारे काम दिले. मग निम्म्यांना अर्धा तास बागकामाला लावले आणि निम्म्यांना घरात बसून वाचायला दिले. ताण आला की शरीरात जे द्रव्य वाढते, ते दोन्ही गटांत उतरले. पण बागकाम करणाऱ्यांत अधिक उतरले. इतकेच नव्हे, तर बागवाल्यांचे मन पूर्ववत प्रसन्न झाले आणि वाचणाऱ्यांचे आणखीच खट्टू झाले! मराठीच्या प्राध्यापकाने हे वाचून काय करावे? मी एवढेच म्हणून मनाची समजूत घातली की, ते तीस जण मुळातच बागेचे शौकीन होते, आणि त्यांना वाचायला काय दिले होते ते मी पाहिलेले नाही.

त्याहून मोठी पाहणी अमेरिकेतल्या डेन्व्हर भागातली. तिचा अहवाल २०२३ मध्ये आला. आधीच्या दोन वर्षांत बागकाम न केलेल्या २९१ प्रौढांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी केली. एका गटाला सामाईक बागेत वाफा दिला. दुसऱ्याला सांगितले, तुमचा नंबर पुढच्या वर्षी. वाफा मिळालेल्यांच्या आहारात दुसऱ्यांच्या मानाने रोज सुमारे १.४ ग्रॅम चोथा अधिक गेला, आठवड्याला सुमारे ४० मिनिटे हालचाल अधिक झाली, आणि मनावरचा ताण व काळजी कमी झाली. ज्यांना मुळात ताण जास्त होता, त्यांच्यात ती अधिक कमी झाली. आकडे पाहिले तर डोळे दिपवणारे नाहीत. दीड ग्रॅम चोथा म्हणजे काय, एका गाजराचा तुकडा! पण मला हे आकडे लहान आहेत म्हणूनच खरे वाटतात. जी औषधे सर्व रोगांवर चालतात ती जत्रेत विकली जातात.

आणि एका बाबतीत आपली मराठी या शास्त्रज्ञांच्या फार पुढे आहे. आपण म्हणतो, मन कोमेजले, उमेद पालवली, मूल नव्या शाळेत रुजले, सुनेने सासरी मूळ धरले, संसार बहरला, डोक्यात कसले तरी खूळ माजले, ते उपटून टाकले. मन ही बाग आहे आणि तिचीही खुरपणी करावी लागते, हे ज्यांनी ही भाषा घडवली त्यांना कुणी प्रयोग करून सांगावे लागले नाही. त्यांच्या घरामागे परस होते. खरकटे पाणी केळीच्या आळ्यात जाई आणि सासूवर आलेला राग बहुधा अळूच्या वाफ्यातल्या गवतावर निघे. परस गेले, शब्द मात्र आपल्याकडे राहिले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. दोन वर्षांपूर्वी, दिवाळी संपता संपता माझी आई गेली. त्रेपन्न वर्षांचा संसार. अण्णांनी क्रियाकर्म शांतपणे पार पाडले, भेटायला येणाऱ्यांना चहा घ्या म्हणाले, आणि तेराव्यानंतर गॅलरीतल्या आरामखुर्चीत जे बसले ते बसलेच. रडले नाहीत, चिडले नाहीत. जेवायला वाढले की जेवत. ‘‘भाजी कशी झाली आहे?’’ म्हटले की ‘‘बरी आहे’’ म्हणत, आणि ताटात भाजी नसली तरीही ‘‘बरी आहे’’च म्हणत. डॉक्टरांना दाखवले, त्यांनी गोळ्या दिल्या, फिरायला जा म्हणाले. अण्णा एकदा कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. ‘‘कुठे जायचं?’’ एवढेच म्हणाले.

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. खरे सांगायचे तर मी त्यांच्यापाशी बसायचेच टाळू लागलो होतो. वर्गात तासभर बोलणारा मी, बापाजवळ पाच मिनिटे बसलो की घड्याळ पाही. गॅलरीत आईची एक कुंडी होती, गवती चहाची. तिच्यामागे पाणी घालायचे कुणाच्याच लक्षात राहिले नाही आणि तो चहा वाळून गेला. सौ. एकदा कुंडी टाकून द्यायला निघाली, तेव्हा अण्णा पटकन ‘‘राहू दे’’ म्हणाले. म्हणून ती वाळकी कुंडी त्यांच्या खुर्चीशेजारी तशीच राहिली.

फेब्रुवारीतला एक रविवार. मी खाली वाफ्यात मुळा लावत होतो. एका ट्रेमध्ये उगवलेली रोपे हलक्या हाताने उपटून मी ती ओळीत, टीचभर अंतरावर, अगदी कवितेच्या ओळी मांडाव्यात तशी लावत होतो. स्वतःवर खूश होतो. इतक्यात वरून आवाज आला :

‘‘अरे, मुळा उपटून लावतोयस?’’

मी वर पाहिले. अण्णा गॅलरीच्या कठड्याला धरून उभे होते. उभे होते, हेच विशेष.

‘‘हो अण्णा. का?’’

‘‘मुळा जागेवर पेरायचा असतो. उपटलास तर त्याला दोन पाय फुटतील!’’

सगळे हसले. मीही हसलो. पण वरचा आवाज थांबला नाही. ‘‘थांब, हात लावू नकोस,’’ असे म्हणत तो जिन्यातून खाली येऊ लागला. पंधरा महिन्यांनी अण्णा आपणहून जिना उतरत होते. काकूंनी न बोलता एक पाट आणून वाफ्याशी टाकला. अण्णांनी लेंगा वर घेतला, बोटाने चर ओढला, मुळ्याचे बी चिमटीत धरून सोडले आणि वरून माती सारली. ते बोट इतके सराईत होते की, मी पाहतच राहिलो. माझे आजोबा वाई तालुक्यात हळद करीत. अण्णा अठराव्या वर्षी गाव सोडून पुण्याला सरकारी कचेरीत चिकटले, एवढे मला ठाऊक होते. पण अठरा वर्षांपर्यंत या माणसाने काय काय केले असेल, हे मी चव्वेचाळीस वर्षांत एकदाही विचारले नव्हते. त्या दिवशी विचारले. पहिल्यांदा आम्ही दोघे एक तास बोललो. आणि तो सगळा वेळ ते मला चुकतोयस, चुकतोयस म्हणत होते.

त्यानंतर अण्णा एकदम ठणठणीत झाले, असे मी लिहिले तर ती गोष्ट होईल आणि हे सदर गोष्टींचे नाही. संध्याकाळी दिवे लागले की, ते अजूनही खुर्चीत गप्प बसतात. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत आणि त्या बंद करायचा विचारही आम्ही करत नाही. बाग हे औषध नव्हे. पण सकाळी सहाला उठायला त्यांना आता कारण आहे. मेथीला चौथ्या दिवशी कोंब दिसतो आणि पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी जुडी हातात येते. म्हणजे महिनाभर रोज काहीतरी पाहायचे राहिलेले असते. दुःखी माणसाला उपदेश नको असतो, करमणूकही नको असते. उद्या काहीतरी पाहायचे आहे, एवढे पुरते.

पावसाळ्याच्या तोंडाला एक दिवस गॅलरीतली कुंडी दिसेना. मी काही विचारले नाही. खाली गेलो तर कोपऱ्यातल्या वाफ्यात काकूंकडून मागून आणलेला गवती चहाचा एक ठोंब लावलेला होता, आणि त्याच्या बुडाशी कुंडीतली ती फिकट, जुनी माती पसरलेली होती. रिकामी कुंडी धुऊन नळापाशी पालथी घातली होती. आता रविवारी काम संपले की, त्याच पातीचा चहा होतो.

कुणाला वाटेल, ही मंडळी सगळी साधुसंत दिसतात. छे! पहिल्या हंगामात वांगी लागली ती सात, आणि कुटुंबे अठ्ठावीस. पहिले वांगे रातोरात नाहीसे झाले, तेव्हा जिन्यात आठवडाभर जे वातावरण होते ते रहस्यकथेत शोभले असते. पावट्यावर मावा पडला, त्यावर ताक शिंपडावे की निंबोळीचा अर्क यावरून दोन पक्ष पडले. मे महिन्यात सगळे गावाला गेले आणि पालक करपला. या ठेचांतून जे शहाणपण आले ते, कुणाला असा उद्योग करायचा असेल तर उपयोगी पडेल म्हणून सांगतो. सुरुवात दोनच वाफ्यांनी करावी. उत्साहाने आठ आखले की सहा गवताचे होतात. पाण्याच्या पाळीची वही ठेवावी आणि सुट्ट्यांची पाळी आधी ठरवावी. भाजी तोडायचा वार एकच असावा आणि वाटणी चिठ्ठ्या टाकून करावी. ज्याने काम केले नाही त्याचीही चिठ्ठी टाकावी, कारण फुकटची जुडी खाऊन शरमलेला माणूस पुढच्या रविवारी खाली येतो. राडारोड्याची जागा असेल तर तिच्यावर वीटभर उंच वाफे करून आणलेली माती भरावी. धनुर्वाताची सुई घेतलेली असावी. आणि पालापाचोळा जाळू नये. तो वाफ्यांवर पसरला की, उन्हात ओल टिकते आणि मग त्याचीच माती होते.

आणि आता शेवटची, थोडी काळजीची गोष्ट. सहकारी कायद्याप्रमाणे सप्टेंबरअखेर आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. विषयपत्रिकेवर सहावा विषय : ‘मागील मोकळ्या जागेवर वाहनतळ करणे.’ त्या जागेत सहा मोटारी बसतात. मागणी करणाऱ्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. रात्री दहाला दमूनभागून आलेल्या माणसाला गाडी लावायला जागा नसली की काय होते, हे मीही पाहिले आहे. चर्चा तापली. सेक्रेटरी म्हणाले की, भाजी मंडईत मिळते, जागा मिळत नाही. यावर आम्हा बागवाल्यांपैकी कुणालाच नेमके उत्तर सुचेना. मी उभा राहून लाइपझिगपासून सुरुवात करणार, तेवढ्यात मागच्या रांगेतून अण्णा उठले. या सभेत ते आजवर कधी बोललेले नव्हते.

‘‘मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘गेल्या वर्षी गणपूर्ती झाली नाही म्हणून अर्धा तास सभा थांबवावी लागली होती, असं मुलगा सांगत होता. आज खुर्च्या कमी पडल्या. ही माणसं कुठून आली, ते बघा. आणि दुसरं, माझी बायको गेल्यावर पंधरा महिने मी या इमारतीत कुणाशी बोललो नाही. तुम्ही विचारत नव्हता असं नाही. मला बोलायला विषय नव्हता. आता आहे. मोटारी जरूर लावा. फक्त मी सकाळी उठून कुठे जायचं, तेवढं सांगा.’’

सभेत कुणी काही बोलले नाही. मग अण्णाच कचेरीतल्या जुन्या सवयीने पुढे म्हणाले, ‘‘शिवाय अक्षय्य तृतीयेला हळद लावली आहे. निघायला फेब्रुवारी उजाडेल. उभं पीक मोडू नये.’’

ठराव असा झाला की, पुढच्या वार्षिक सभेपर्यंत जागा आहे तशी राहावी आणि तोवर वाहनांसाठी पुढच्या अंगाला काही करता येते का, ते समितीने पाहावे. म्हणजे आम्हाला वर्षभराची मुदत मिळाली आहे, त्यापलीकडची नाही. पुढच्या सप्टेंबरात काय होईल, ते मी आज सांगू शकत नाही. सहा मोटारींची गरज खरी आहे. आमची गरज मोजायला मात्र चौरस फुटांचे माप नाही, आणि सभेत मोजता येते तेच जिंकते, हा माझा अनुभव आहे. म्हणून एवढेच म्हणतो : आपल्या इमारतीच्या मागे, शाळेच्या कुंपणाशी, गच्चीवर अशी एखादी विसरलेली जागा असेल, तर ती कुणाच्या नजरेत भरण्यापूर्वी तिथे चार माणसांनी चार रविवार घालवून पाहावेत. निदान शेजाऱ्याचे नाव तरी कळेल.

हे लिहीत असताना खाली मुलांचा किल्ला चालला आहे. माती आमच्या वाफ्यातली, मागून नेलेली. तटावर पेरायला हळीवही अण्णांनीच भिजवून दिले. बुरूज ढासळला म्हणून ओरडाही त्यांनीच केला. मघाशी वर आले तेव्हा त्यांच्या हाताला माती होती. मी म्हटले, ‘‘अण्णा, चहा ठेवू?’’

‘‘ठेव,’’ ते म्हणाले. ‘‘आणि एक रिकामा डबा बघून ठेव, झाकणाचा. हळद निघाली की चांगले गड्डे बियाण्याला बाजूला काढायचे आहेत. मेमध्ये लावायला.’’

मी त्यांना पुढच्या सप्टेंबरची आठवण करून दिली नाही. डबा मात्र शोधून, घासून, उन्हात वाळत घातला आहे.